तेरेरे म्हणजे पिणं नव्हे

—अहो, सगळं वाचत कुठं बसता, त्यातलं निम्मं तारखाबिरखांचंच आहे. बसा तर आधी. तिकडं नको, तिकडून बाक डुगडुगतो, इकडं आंब्याच्या सावलीत सरका. काय ऊन पेटलंय सकाळपासून! जानेवारीत आपल्याकडं भर उन्हाळा, तुम्हाला विसरायला झालं असेल, बारा वर्षं ब्वेनोस आयरेसला काढलीत म्हणे. तुमच्या आई, न्या फेलिपा, सांगत होत्या की — माझी निल्सा तिकडं एका म्हातारीचं सगळं करते, अंघोळ, जेवण, गोळ्या, सगळं. म्हणजे तुम्ही-आम्ही एकाच धंद्यातल्या. मी सुनिल्दा. इथं पुरुषांच्या वॉर्डात मदतनीस, नऊ वर्षं झाली. सिस्टर नाही हं — सगळे सिस्टर म्हणतात, मी कुणाची चूक काढत बसत नाही, पण खऱ्या सिस्टर त्या आत पंख्याखाली बसल्यात त्या, ओब्दुलियाबाई. त्यांनीच पाठवलं मला हा कागद घेऊन. ‘जा गं, तुला लोकांशी बोलता येतं, त्या मुलीला समजाव आणि सही आण.’ बोलता येतं! तेवढं मात्र येतं मला.

कागदात काय — काही नाही हो. म्हणजे आहे, पण ते असं, की तुमच्या वडिलांना, कराई बेनिग्नोंना, मंगळवारी पित्ताशयाच्या ऑपरेशनआधी काही खायला-प्यायला द्यायचं नाही असं घरच्यांना बजावून सांगितलं होतं, आणि तरी घरच्यांनी, म्हणजे तुमच्या आईनं, गुपचूप पाजलं. मग भूल देताना पोटातलं सगळं उलटून वर आलं आणि फुप्फुसात उतरलं. म्हणून ते चार दिवस राजधानीत मशीनवर आहेत. झालं, एवढंच. यावर घरच्यांपैकी कुणीतरी ‘आम्हाला मान्य आहे’ म्हणून सही करायची. न्या फेलिपांनी केली असती हो, त्या काय, कशावरही करतील सध्या, पण त्यांना लिहिता येत नाही आणि अंगठा ओब्दुलियाबाईंना नकोय. तुमचे भाऊ तिकडं दवाखान्याच्या दारात अडकलेत. राहिलात तुम्ही. आणि फाइल तर हवीच ना तुम्हाला? तिकडचे डॉक्टर फाइलसाठी खोळंबलेत — शुगर कधीपासून, गोळ्या कुठल्या, हृदयाची पट्टी — सगळं त्या फाइलमध्ये आहे, आणि फाइल आहे ओब्दुलियाबाईंच्या खणात. सही झाली की देते म्हणाल्या. असं करता येतं का म्हणता? नाही येत. कायद्यानं नाही येत, मी शिकलेय ते, नर्सिंगच्या तिसऱ्या वर्षाला होतं. पण खणाची किल्ली माझ्याकडं नाही.

बजावून सांगितलं होतं हे मात्र खरं. मीच सांगितलं होतं. सोमवारी संध्याकाळी, खाटेशी उभी राहून — ‘उद्या दोनला ऑपरेशन. आता हे जेवण शेवटचं. उद्या सकाळपासून काही नाही, मांडिओका नाही, चिपा नाही, पाण्याचा घोट नाही.’ दोघांनीही माना हलवल्या. तुमचे वडील म्हणाले, ‘बाई, सैन्यात होतो मी, तीन दिवस उपाशी चाललोय.’ न्या फेलिपांनी तर पिशवीतली चिपासुद्धा शेजारच्या खाटेवरच्याला देऊन टाकली, मोह नको म्हणून. म्हणजे बघा, किती पाळणारी माणसं! एवढी पाळणारी माणसं मी नऊ वर्षांत पाहिली नाहीत. पेशंट इथं उशीखाली सॉसेज लपवतात हो.

आणि म्हणूनच तो शब्द मला — तो ‘गुपचूप’. तो बाकी बरोबर नाही. मी ओब्दुलियाबाईंना म्हणाले होते, तेवढा शब्द काढा. गुपचूप कशाचं? आठ खाटांचा वॉर्ड, सकाळचे साडेआठ, खिडक्या सताड उघड्या. सगळ्यांच्या देखत चाललं होतं. म्हणजे, काय चाललं होतं — तेरेरे चाललं होतं, दुसरं काय चालणार? साडेआठला या देशात दुसरं काय चालतं? तुम्ही तिकडं गेलात तरी सोडलं नसणारच. शिंगाच्या पेल्यात यर्बाची पत्ती भरलेली, थर्मासात बर्फाचं पाणी, न्या फेलिपांनी बाजारातून पाला कुटून आणलेला — पुदिना, कोकू, घोडशेपटी — मूत्र साफ होतं म्हणून. आणि पाणी ओतून शिंग हातोहात फिरतंय. तुम्हीच सांगा, कुणी विचारलं ‘सकाळपासून काही प्यायलात का’, तर तेरेरे सांगतो आपण? सांगत नाही! कारण ते पिणं नसतंच. पाणी म्हणजे तहान लागल्यावर ग्लासातून पितो ते. ज्यूस म्हणजे पिणं, बिअर म्हणजे पिणं. तेरेरे म्हणजे — बसणं. चार माणसं बसली की हातात काहीतरी हवं, ते. माझी आई महिनाभर डॉक्टरांना सांगत होती की मी दिवसाला दोन ग्लासच पाणी पिते, आणि तिच्या काखेत पाच लिटरचा थर्मास! डॉक्टर बाहेरचे होते, त्यांना वाटलं हिची किडनी गेली. हसू नका — हसा, हसा, मीही तेव्हा हसलेच होते.

तर तसं. न्या फेलिपांनी नवऱ्याला पाणी पाजलं नाही. त्यांना विचारलंत तर आजही शपथेवर सांगतील, काकुपेच्या माउलीची शपथ घेऊन, की घोटभर पाणी दिलं नाही. खोटं बोलत नाहीत त्या. दिसलंच नाही त्यांना. आणि दोनच्या ऑपरेशनला तसं ते चाललंही असतं, म्हणजे पुस्तकाप्रमाणं नाही, पण निभावलं असतं कदाचित. पण झालं काय, दहाला पहिल्या पेशंटचा ताप चढला, त्याचं रद्द झालं, आणि डॉक्टर म्हणाले, दोनवाल्याला आत्ताच आणा. सव्वादहाला स्ट्रेचर आला. शिंग तोवर फिरतच होतं. मी स्वतः शेवटचं —

शेवटचं पाहिलं म्हणते.

नाही, मी तिथून जात होते. वॉर्डातच असते ना मी दिवसभर, कधी चादर बदल, कधी भांडं ने, जाता-येता दिसतंच. आणि जाता-येता कुणी शिंग पुढं केलं तर नाही म्हणता येत नाही, म्हणजे म्हणता येतं, पण म्हाताऱ्या माणसानं पुढं केलेलं शिंग परत केलं तर ते काय म्हणतील, आली मोठी शिकलेली. एक घेतलं मी. दोन. सगळे घेतात हो, ओब्दुलियाबाई आपल्या खोलीत घेतात, डॉक्टर घेतात, मला काय शिंगं फुटली होती न घ्यायला? आणि त्यात मी सकाळी चारला उठून वाचत बसलेली. फेब्रुवारीत शेवटचा पेपर आहे माझा. शनिवार-रविवार कॉलेज, बाकी दिवस वॉर्ड, असं पाच वर्षं चाललंय. पाच वर्षांचं चार वर्षांत करणाऱ्या असतात, त्यांना आया असतात घरात जेवण करायला. मला आई आहे ती थर्मासवाली. हा एक पेपर झाला आणि ओब्दुलियाबाईंनी इथल्या कामाचा दाखला दिला की मी सिस्टर. खरीखुरी. मग कुणी सिस्टर म्हटलं तर गप्प बसायला नको.

तर तुझे वडील म्हणाले — तुमचे वडील. असू दे, तूच म्हणते, तू माझ्यापेक्षा दोन वर्षांनी लहान आहेस, न्या फेलिपांनी सांगितलंय मला सगळं, दात कधी आले तेसुद्धा. तर तुझे वडील म्हणाले, ‘सुनिल्दा, ते बाड काय घेऊन फिरतेस खिशात?’ म्हटलं, प्रश्न आहेत परीक्षेचे. म्हणाले, ‘आण इकडं, मी विचारतो, तू सांग. दोनपर्यंत वेळ कसा जायचा माझा?’ चष्मा लावला. न्या फेलिपा म्हणाल्या, ‘यांना दुसरीपर्यंतच वाचता येतं गं, तुझा पेपर चुकवतील!’ अख्खा वॉर्ड हसला. आणि मग ते वाचायचे — एकेक अक्षर जुळवून, ‘शि-रे-तून’ — आणि मी उत्तर द्यायचे, आणि उत्तर बरोबर आलं की सहा नंबरच्या खाटेवरचा तो मोडक्या पायाचा ट्रकवाला टाळ्या वाजवायचा. दहाचे दहा आले माझे पहिले! असं कधी झालं नव्हतं बघ. कॉलेजात माझ्या तोंडाला कुलूप बसतं, ती कोवळी पोरं पटापट बोलतात, माझे हातच कामाला पुढं होतात तिथं, शब्द येत नाहीत. आणि इथं तुझ्या बापासमोर मला सगळं येत होतं. मला — कसं सांगू — मला इतकं बरं वाटत होतं त्या सकाळी.

मग त्यांनी अकरावा प्रश्न वाचला. ‘ऑपरेशनआधी रुग्णाला किती तास काही —’ पुढचं त्यांना जुळेना. मी न पाहता सांगितलं. अन्न सहा तास, साधं पाणी दोन तास, आणि ज्यांना शुगर आहे त्यांचं पोट सावकाश रिकामं होतं म्हणून त्यांना त्याहून जास्त, आणि का जास्त, तेही सांगितलं. बरोबर! ट्रकवाल्यानं टाळ्या वाजवल्या. आणि हे सांगता सांगता, निल्सा, मी थर्मास तिरका करून शिंग भरलं आणि तुझ्या वडिलांच्या हातात दिलं.

मीच ओतत होते.

घोळक्यात सगळ्यात लहान मी होते ना. लहान असेल त्यानं ओतायचं. तासभर मीच ओतत होते, एकदा त्यांना, एकदा न्या फेलिपांना, एकदा ट्रकवाल्याला, एकदा मला, आणि पुन्हा त्यांना. ते काही केल्या ‘पुरे, आभार’ म्हणेनात, आणि जोवर माणूस आभार म्हणत नाही तोवर त्याची पाळी चुकवायची नाही, हे कुणी शिकवावं लागतं का? आणि तुला गंमत सांगू? गंमत कसली — सुरुवातीला, पहिलं शिंग देण्याआधी, मी त्यांना विचारलं होतं, ‘काल कलिंगड नाही ना खाल्लंत?’ कलिंगडावर तेरेरे घेतलं तर माणूस मरतो म्हणतात ना. विचारलं मी! काळजीनं विचारलं! शुगर असलेला माणूस, ऑपरेशनच्या दिवशीचा, माझ्या वॉर्डातला, आणि मी विचारतेय कलिंगड! पाच वर्षं शिकून!

नाही, मला आठवलं नाही असं नाही. आठवायला विसरावं लागतं आधी. मला तर उत्तर तोंडपाठ होतं. पण ते पुस्तकातलं पाणी होतं आणि हे तेरेरे होतं, आणि ही दोन्ही माझ्या डोक्यात कधी समोरासमोर आलीच नाहीत. मग स्ट्रेचर आला. घाई. ऑपरेशनला नेण्याआधी एक कागद भरायचा असतो, दागिने काढले का, दातांची कवळी काढली का, काही खाल्लं-प्यालं का. तो भरायचा असतो सिस्टरनं, भरते मी, सही तेवढी त्या करतात, न बघता. मी विचारलं, ‘कराई बेनिग्नो, कालपासून काही खाल्लं-प्यालं?’ ते म्हणाले, ‘काही नाही बाई, पोटात कावळे ओरडताहेत.’ न्या फेलिपा म्हणाल्या, ‘काही नाही.’ ट्रकवालासुद्धा म्हणाला, ‘काही नाही, बिचारे!’ आणि मी लिहिलं — काही नाही. माझे ओठ अजून ओले होते. पुदिन्याचा वास येत होता माझ्या तोंडाला.

आतून हाक आली तेव्हा मी चादर घालत होते त्यांच्या खाटेवर. पळा-पळा, नळी आणा, खेचा. मला आत कोण घेणार? मदतनिसाचं काम दारापर्यंत. काचेतून दिसत होतं. हिरवट पाणी — त्यात कुटलेला पाला. तेव्हा कळलं मला. तेव्हा ती दोन्ही पाणी एक झाली. मी काचेवर हात मारून ओरडायला हवं होतं की दीड लिटर आहे पोटात, दीड लिटर, मी मोजून सांगते, माझ्याच हातनं गेलंय. त्यांना किती खेचायचं ते तरी कळलं असतं. मी उभी राहिले. तोंडच उघडेना, कॉलेजात होतं तसं.

दुपारी ओब्दुलियाबाईंनी न्या फेलिपांना खोलीत बोलावलं. मीही होते, भिंतीला टेकून. ‘कुणी पाजलं? कोण कोण होतं?’ आणि तुझी आई — त्यांनी माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही बघ — म्हणाल्या, ‘मी एकटी होते. मीच दिलं.’ एकटी! आठ खाटांच्या वॉर्डात एकटी! बाहेर आल्यावर मी त्यांचा हात धरला, तर म्हणाल्या, ‘पोरी, तुझा एक पेपर राहिलाय ना? माझं काय राहिलंय?’ असं म्हणाल्या. आणि आता तुझे भाऊ त्यांना तिकडच्या दवाखान्याच्या पायरीवर चढू देत नाहीत, बापाला मारलंस म्हणतात, तोंडावर म्हणतात, म्हणून परत येऊन त्या इथल्या फाटकाशी बसून राहिल्यात, खात नाहीत, काही नाही. आणि खरं सांगू, तेरेरेसुद्धा घेत नाहीत. मी रोज दोनदा त्यांच्यासमोरून जाते. मान खाली घालून जाते. कालपासून मागच्या दारानं जाते.

ओब्दुलियाबाईंना? माहीत आहे. ट्रकवाल्यानं सांगितलं त्यांना. म्हणाल्या, ‘सुनिल्दा, त्या कागदावर खाली सही माझी आहे. तू बोललीस की मी गेले, आणि मी गेले की तुझा दाखला कोण देणार? बाईनं आपणहून कबूल केलंय, तुझं काय जातं?’ माझं काय जातं! मी म्हटलं, सिस्टर, तो शब्द तरी काढा, गुपचूप. म्हणाल्या, बघू. नाही काढला. मी काय करू सांग? जाऊन कुणाला सांगू? बोलले तर मला परत कुणी वॉर्डात उभं करणार नाही, आईला कोण बघेल, पाच वर्षं गेली पाण्यात. नाही बोलले तर — नाही बोलले तर असंच, मागच्या दारानं. आणि तुझे वडील बरे झाले तरी न्या फेलिपांवरचं खापर काही उतरत नाही आता, आणि नाही झाले बरे तर… माझ्या हातात काहीच नाही, निल्सा. नऊ वर्षं मी लोकांचं अंग पुसतेय आणि माझ्या हातात काही म्हणजे काही नाही.

शिव्या दे. कानाखाली मार, मी हलणार नाही. नुसती अशी बघू नकोस.

नको करूस सही. दे तो कागद इकडं. ऐक, मी जाते आत, आत्ता जाते, तू फक्त दारात उभी राहा, मला पाठीशी कुणीतरी दिसलं की मी बोलेन. तीन वाक्यं आहेत. थर्मास माझ्या हातात होता. कागद मी भरला. न्या फेलिपांनी माझ्यासाठी — तीनच तर आहेत, कालपासून घोकतेय, परीक्षेसारखी. फाइल मग त्यांना द्यावीच लागेल, नाही दिली तर आपण दोघी ओरडू, अख्खा वॉर्ड ओरडेल, ट्रकवाला तर — चल. ऊठ. चल म्हणते ना, माझा धीर सुटायच्या आत —

अं? हो, सिस्टर! हो, इथंच आहे. नाही नाही, उशीर नाही, झालंच. हो, वाचून दाखवलं. समजलंय त्यांना. घरच्यांनीच दिलं, हो, आईनंच. नाही सिस्टर, त्यांचं काही म्हणणं नाही.

हे घ्या पेन, बाई. दुसऱ्या पानावर, खाली, पूर्ण नाव लिहा. माझ्याकडं बघू नका, कागदाकडं बघा. फाइल खिडकीपाशी मिळेल तुम्हाला, राजधानीची शेवटची बस दुपारी बाराची आहे. आणि जाताना तेवढं आईला उठवून न्या फाटकापासून, तिथं बसायला परवानगी नाही.